पालथ्या नावेखालची हवा

त्या रविवारी सकाळी गॅरेजमध्ये एक नाव होती, फोमच्या दोन जुन्या गाद्या होत्या, आठ विटा, दोराचं एक वेटोळं, एक पत्र्याची बादली आणि सहा माणसं. सहांपैकी चौघांनी नावेला हात लावला. आई आतल्या दारात उभी होती. तिच्या गुडघ्यांकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. सहावे काका. ते फाटकाजवळ हात पाठीमागे बांधून उभे होते, पाहुणे म्हणून आले आणि घरात भांडण सापडलं अशा चेहऱ्याने.

थोरली हे सगळं मोजत होती, कारण मोजलं की तिचा राग जरा खाली बसायचा. त्या दिवशी बसेना.

नाव तिच्या गॅरेजमध्ये तिला न विचारता आली होती. आदल्या दिवशी ती कामावर असताना धाकट्याने टेम्पो करून ती काकांकडून आणली आणि फोनवर म्हणाला, "ताई, घरी ये, गंमत आहे." गंमत म्हणजे अकरा फूट लांबीचं, दोन माणसं बसतील असं लाकडी धूड होतं, तळाला कुजलेलं. तीन वर्षं तिने ज्या वस्तूचं नावही घरात काढू दिलं नव्हतं ती वस्तू तिच्या स्कूटरच्या जागेवर येऊन बसली होती.

तीन वर्षांपूर्वी बाबा हीच नाव घेऊन सकाळी तळ्यावर गेले. जाताना म्हणाले, "दुपारी जेवायला येतो." आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांना नाव सापडली. लव्हाळ्यात, सरळ, दोन्ही वल्ही आत शेजारी शेजारी, आणि बाबांच्या चपला जोडीने ठेवलेल्या. बाबा चौथ्या दिवशी सापडले, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला. वादळ नव्हतं, वारा नव्हता. ज्या माणसाच्या चपला जोडीने ठेवलेल्या असतात तो पडत नाही, तो उतरतो. हे कुणी तोंडाने बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. आईने लोकांकडे जाणं सोडलं, आणि थोरलीने 'बाबा' हा शब्द सोडला. ती 'ते' म्हणायची. मरण तिने माफही केलं असतं. 'जेवायला येतो' म्हणाले, ते तिला माफ करता येत नव्हतं.

"दुरुस्त कर, रंगव आणि विकून टाक," तिने धाकट्याला बजावलं होतं. "महिनाभर मुदत. एक दिवस वर झाला तर कुऱ्हाड घेऊन मी स्वतः सरपण करीन."

"कुऱ्हाड आहे का आपल्याकडे?"

"विकत आणीन."

आता सगळे नावेभोवती जमले तेव्हा काका फाटकाजवळूनच बोलले. "पालथी कशाला घालता? आहे तशीच रंगवा की."

शेजारच्या शिट्टीसरांना हसू आवरेना. ते शाळेत खेळ शिकवायचे; निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी गेली नव्हती. "अहो, भोक तळाला आणि रंग वरून? पायात काटा रुतलाय म्हणून डोक्याला तेल लावण्यातला प्रकार झाला! जावईबापू," ते सोबत आणलेल्या आपल्या जावयाला म्हणाले, "धरा तिकडून."

काका हसले नाहीत. "मी सांगायचं काम केलं," म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

थोरलीला ते विचित्र वाटलं. काकांचं सगळं आयुष्य तळ्याकाठी, भाड्याने नावा देण्यात गेलेलं. त्यांच्याकडच्या वीस नावा संध्याकाळी काठावर पालथ्या पडलेल्या असायच्या, झोपलेल्या म्हशींसारख्या. हीच एक नाव त्यांनी तीन वर्षं शेडमध्ये सरळ ठेवली होती, ओल्या जमिनीवर. तळ कुजला तो त्यामुळेच.

"शिट्टी वाजली की उचलायचं," सर म्हणाले. शिट्टी वाजली. नाव आधी कडेवर उभी राहिली, क्षणभर तशीच डुलली, मग चौघांच्या तळहातांवरून घसरत हळूच गाद्यांवर बसली. काठाखालून हवा बाहेर दाबली गेली आणि थोरलीच्या घोट्यांना लागली. सकाळ गार होती. हवा ऊबदार होती, कुणीतरी नुकतंच जिथून उठलंय त्या अंथरुणासारखी.

तिने मागे वळून पाहिलं तेव्हा काका निघून गेले होते.

*

थोरली एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होती. तिथल्या मोठमोठ्या टाक्या आतून साफ करायला माणसं उतरवतात. माणूस उतरण्याआधी आतली हवा तपासायची आणि मग परवानगीवर सही करायची, हे तिचं काम. विज्ञानाची पदवी घेऊन तिने दुसरं काय काय ठरवलं होतं, पण या कामात ती रमली होती. कामगार तिला 'नाक' म्हणत. नाकाने नाही म्हटलं की साहेबाचा बाप आला तरी टाकीत कुणी उतरत नसे. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरवर १९.५ दिसलं की भोंगा वाजतो आणि सगळे बाहेर. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत तिचा पगार होता, असं ती गमतीने म्हणायची.

धाकट्याची नोकरी सुटली होती, त्यामुळे दिवसभर तो आणि नाव. तळ घासताना भुसा आत जाऊ नये म्हणून त्याने काठाभोवती प्लास्टिकची झालर लावली होती, जमिनीपर्यंत, चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद. काम संपलं की तो झालर काढायचा आणि लाकूड वाळावं म्हणून नाव विटांवर चढवून ठेवायचा. एकट्याला जमायचं नाही, मग तरफ लावायची, नाहीतर शिट्टीसरांना हाक मारायची.

मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. "तो ओकतोय. आणि म्हणतो घेरी येतेय."

झालं होतं असं की घासता घासता चिकटपट्टीचं भेंडोळं झालरीखाली गेलं, आणि ते काढायला हा पठ्ठ्या झालर एका कोपऱ्यात उचलून पोटावर आत शिरला. दोन मिनिटांत बाहेर आला तो कपाळ धरूनच.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जगाला मी हेच शिकवते. बंद जागेत तपासल्याशिवाय शिरायचं नाही. आणि माझ्या घरात माझा भाऊ कुत्र्यासारखा आत शिरतो!"

"नाव आहे गं ताई ती. टाकी आहे का?"

"कुजलेलं ओलं लाकूड ऑक्सिजन खातं. लाकडांनी भरलेल्या बंद कोठारात माणसं मेलीत, माहितेय? नाही माहीत. कारण तू वाचत नाहीस, तू नुसता घासतोस."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातलं मीटर घरी आणलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, पिवळं. दर मिनिटाचं वाचन ते स्वतःच साठवून ठेवतं. झालर लावून तिने ते आत सरकवलं आणि अर्ध्या तासाने काढलं. २०.९ वरून २०.२. कुजलेल्या लाकडासाठी हे फार भराभर होतं. म्हणून तिने तळातून खरवडून काढलेला ओला चुरा, चांगली अर्धी बादली, एका मोठ्या पिशवीत भरला, पिशवी हवेने फुगवून बांधली आणि मीटर त्यात ठेवलं. अर्ध्या तासाने २०.९. तासाने २०.९.

लाकूड ऑक्सिजन खात नव्हतं.

नाव विटांवर चढवली की आतलं वाचनही २०.९. झालर लावली की उतरायला सुरुवात. तिने दोनदा तपासलं, गुरुवारी तिसऱ्यांदा. वेग तोच, दर चार मिनिटांना एक दशांश. नावेच्या पोटात साधारण एक घनमीटर जागा होती, म्हणजे हजार लिटर हवा. हजार लिटरचा एक दशांश टक्का म्हणजे एक लिटर. चार मिनिटांना एक लिटर, मिनिटाला पाव.

हा आकडा तिला शोधावा लागला नाही. टाकीत माणूस अडकला तर किती वेळ आहे याचा हिशेब तिथे भिंतीवर लावलेला होता आणि तो तिनेच लावला होता. काही न करता स्वस्थ पडून राहिलेला एक माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. तिला फक्त आणखी राग आला, आकड्याचा.

*

शुक्रवारी ती लवकर घरी आली. ऊन अजून गॅरेजच्या फरशीवर होतं. धाकटा घासायचं थांबवून स्टुलावर बसला होता, पॉलिशपेपर हातात तसाच.

"ताई, इकडे ये. झालरीकडे बघ."

झालरीच्या कडेने भुशाची बारीक रेघ साचली होती. प्लास्टिक आत ओढलं जात होतं, आणि मग बाहेर येत होतं. फार नाही, बोटाच्या पेराएवढंही नाही. भुसा आत सरकायचा, थांबायचा, बाहेर सरकायचा.

"दार उघडं आहे. वारा असेल," ती म्हणाली.

धाकट्याने उठून दार लावलं. पंखा बंदच होता. दोघं बघत राहिली. आत, थांब, बाहेर. थोरलीच्या लक्षात आलं की तिचा श्वास त्याच तालावर चाललाय. तिने श्वास रोखला. प्लास्टिक थांबलं नाही.

"आत कुणीतरी आहे," धाकटा हळूच म्हणाला.

"आत हवा आहे."

"हवा श्वास घेते का?"

"तापमान बदललं की हवा फुगते, आकसते. नववीत होतं तुला."

"नववीत मी तुझ्याच वह्या उतरवल्या. मला काय माहीत?" तो हसला नाही. मग म्हणाला, "ताई, बाबा—"

"बाबा कुठेही नाहीत!" ती इतक्या जोरात ओरडली की आतून आईने "काय झालं?" विचारलं. तिने आवाज खाली आणला, राग नाही. "कुठेही नाहीत. ते उतरून गेले. चपला काढून, जोडीने ठेवून, देवळात जावं तसे. आपल्याला सांगून गेले जेवायला येतो म्हणून. आईने तीन वाजेपर्यंत जेवण झाकून ठेवलं होतं. तू तेव्हा कॉलेजात होतास, मी बघितलंय तिला झाकण उघडून बघताना आणि परत ठेवताना. तेव्हा आता त्या माणसाला पाव लिटर घेऊ दे नाहीतर अर्धा लिटर, मला देणंघेणं नाही."

"पाव लिटर काय?" धाकट्याने विचारलं.

तिने खाली वाकून झालर एका हिसक्यात फाडून काढली. खाली गादी होती, फरशी होती आणि सावली होती.

*

शनिवारी दुपारी नाव विटांवर होती आणि ती टॉर्च घेऊन खाली पाठीवर झोपली. चांगली अर्धी नाव तिच्यावर छत होऊन होती. शोधत ती काहीच नव्हती. निदान धाकट्याला तिने असं सांगितलं, "आतली फट दिसते का बघते." मीटर छातीवर ठेवलेलं, २०.९.

तळाच्या फळ्या, ज्या आता छत झाल्या होत्या, आतून स्वच्छ होत्या, पिवळसर. खाली येताना एका ठिकाणी रंग बदलत होता. सरळ रेष, नावेच्या आत गोल फिरलेली. रेषेच्या खाली, काठापर्यंत, सगळं हिरवट-काळं, शेवाळ वाळून खपली धरलेलं.

ती रेषेकडे बराच वेळ बघत राहिली. नावेत पाणी शिरलं की ते तळाशी साठतं. डाग पडायचा तर तळाला पडेल, काठ स्वच्छ राहील. इथे तळ स्वच्छ होता आणि काठ काळा. बादली धुणाऱ्या कुणालाही कळेल अशी गोष्ट होती. ही रेष सरळ नावेत पडू शकत नव्हती. ही नाव पाण्यात पालथी होती, तळाशी हवा धरून. शेवाळाने फळीला धरायला तासभर पुरत नाही. दोन दिवस. जास्तच.

आणि काकांना ती सरळ सापडली होती. आत चपला होत्या, जोडीने.

ती बाहेर आली, हात न धुता फोन उचलला. "काका, उद्या तीन वाजता घरी या."

"उद्या मला जरा—"

"या," ती म्हणाली. "नाहीतर मी आईला घेऊन तिकडे येते."

*

रविवारी सकाळी नऊ वाजता धाकट्याने नाव गाद्यांवर उतरवली, झालर लावली आणि तळाला रंगाचा पहिला हात द्यायला घेतला. थोरलीने मीटर आत सरकवलं, आकडा बाहेरून दिसेल असं, झालरीला टेकवून.

दहाच्या सुमाराला भोंगा वाजला. १९.५. कारखान्यात हा आवाज ऐकून पन्नास माणसं हातातलं टाकून पळतात. तिने प्लास्टिकवरूनच बटण दाबलं आणि भोंगा बंद केला. चार वर्षांच्या नोकरीत असं तिने पहिल्यांदा केलं.

जेवायच्या वेळी आकडा १५ च्या खाली होता. धाकट्याला घास जाईना. "काढू या ना झालर. थोडी उघडू, एका कोपऱ्यात."

"रंग ओला आहे. धूळ बसेल."

"खड्ड्यात गेला रंग."

"हात लावायचा नाही. काकांना मला हा आकडा दाखवायचाय. त्यांच्यासमोर बोलायचंय मला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? तू स्वतः परवा खाली बघितलंस. कोण आहे तिथे?"

प्लास्टिक हलत होतं. सकाळपेक्षा जास्त भरभर.

काका तीनला नाही, सव्वातीनला आले. दारातच थांबले. नाव पालथी होती, ओल्या काळ्या रंगाने चकाकत. त्यांचा चेहरा असा झाला की थोरलीला एरवी दया आली असती.

"बसा," ती म्हणाली.

"बरा आहे मी असा."

"ही नाव पाण्यात पालथी पडली होती. दोन दिवस तरी. आतून रेष आहे, दाखवू?"

काकांनी दाराची चौकट धरली.

"तुम्हाला ती सरळ सापडली. चपलांसकट. पालथ्या नावेत चपला राहतात कशा, तेवढं मला समजावून सांगा. मी अडाणी आहे."

"पोरी, झालं गेलं—"

"पोरी म्हणू नका! तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्यात. रोज. आई चार माणसांत जात नाही. सांगा!"

काकांनी भिंतीचा आधार घेतला आणि खाली उकिडवे बसले, तळ्यावर बसायचे तसे. बोलले तेव्हा नावेकडे पाठ होती.

"त्या दिवशी दुपारीच शोधायला निघालो मी. दादा बारापर्यंत परत येतो, आला नाही, म्हणून. लव्हाळ्यात एक नाव पालथी होती. आता आमच्यात पालथी नाव म्हणजे आवरून ठेवलेली नाव. कुणीतरी काम संपवून घरी गेलं, सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. पालथ्या नावेकडे आमच्यातलं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. आणि पोटाकडून सगळ्या सारख्याच. डांबर फासलेल्या. काळ्या."

"काठापासून किती लांब?"

"पाण्यातच होती. उथळ असेल तिथे, असं वाटलं मला. लोक ठेवतात लव्हाळ्यात." त्यांनी ओठ पुसले. "मी थकलो होतो. माझी नाव तिला लावली. तिच्या तळावर हात टेकून थर्मासमधला चहा प्यायलो. दादा, दादा, म्हणून हाका मारल्या. चारी दिशांना मारल्या."

गॅरेजमध्ये रंगाचा वास होता. आतल्या खोलीत आईची खाट करकरली.

"आतून आवाज आला?" थोरलीने विचारलं.

"ठक ठक होत होतं."

"आणि?"

"माझीच नाव आपटतेय तिच्यावर, असं वाटलं. मी दोर सैल केला आणि पुढे गेलो." काकांचा आवाज चिरकला. "तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती नाव न्यायला कुणीच आलं नाही. सरळ केली. खाली काही नव्हतं. चपला लव्हाळ्यात तरंगत होत्या. त्या आणि वल्ही मीच गोळा करून आत नीट ठेवली. कुणाला काय सांगणार होतो? की मी त्याच्यावर हात टेकून चहा प्यायलो? दादाला पोहता येत नव्हतं. तो आत धरून बसला असणार. मी येईन म्हणून."

थोरलीला जे वाटलं ते तिला आधी ओळखू आलं नाही. इतकी वर्षं एका दिशेने ताणलेली दोरी सुटली होती आणि आता ती सगळी काकांवर आली. जेवायला येतो म्हणाले होते. खरंच येणार होते.

"आत चला," ती म्हणाली. "हे आईला सांगा."

"तिला नको. माझ्या तोंडून नको."

"तुमच्याच तोंडून! चहासकट सांगा. काही गाळायचं नाही. ती ऐकेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

"ताई," धाकटा म्हणाला. तो झालरीपाशी गुडघ्यांवर बसला होता. "आधी ही पालथी आहे ती सरळ करू. अकराच्या खाली गेलंय. ताई, चल ना."

"गप्प बस! आधी हे बोलतील."

"बोलतील नंतर. मला एकट्याला उचलत नाही—"

"हात लावलास तर बघ!" तिने नावेच्या तळावर हात ठेवला, दाबून. ओला रंग तळहाताला लागला. "तीन वर्षं थांबलेय मी. दहा मिनिटं थांबता येत नाही तुला?"

आई दारात आली होती. कधी आली कुणाला कळलं नव्हतं. तिने थोरलीकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या दिराकडे.

"काय सांगायचंय भावजी?" तिने विचारलं.

काकांनी सांगितलं. थोरली मध्येमध्ये अडवत होती. "हात कुठे ठेवला होता ते सांगा." "हाका किती मारल्या?" "ठक ठक कितीदा?" काकांनी सगळ्याची उत्तरं दिली. तिचा तळहात तिथेच होता.

"ताई, प्लास्टिक हलत नाही—" धाकटा म्हणाला.

"थांब म्हटलं ना!"

आईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे ते येत होते."

मग ती झालरीकडे बघत म्हणाली, "उचला ती. आधी उचला."

काका सगळ्यांत आधी उठले. त्यांनी एक काठ धरला, धाकट्याने दुसरा. थोरलीने तळावरून हात काढला तेव्हा रंगात पंजा उमटलेला होता, पाची बोटं.

चिकटपट्टी तटातट सुटली. नाव कडेवर उभी राहिली.

खाली दोन गाद्या होत्या. भुसा होता.

हवा घोट्यांना लागली. गार होती.

आई वाकली आणि गादीवर तळहात फिरवून पाहिला, झोपलेलं मूल जिथून उचललं तिथे फिरवतात तसा.

थोरलीने मीटर उचललं. मोकळ्या हवेत आल्यामुळे आकडा वर चढत होता. तिने साठवलेली वाचनं उघडली आणि बटण दाबत मागे गेली. नऊ वाजता २०.९. तिथून दर चार मिनिटांना एक दशांश, कुठेही खंड नाही. एक वाजता १४.९. तीन वाजता ११.९. चार वाजता १०.४.

नाव उचलली चार वाजून बावीस मिनिटांनी.

चार वाजून चार मिनिटं, १०.४. चार वाजून आठ मिनिटं, १०.४. बारा, १०.४. सोळा, १०.४. वीस, १०.४.